गुळाचा चहा का फुटतो

आम्ल आणि आम्लारी हे शब्द मी दिवसभरात इतक्या वेळा बोलते, की संध्याकाळी त्यांचं नावसुद्धा नको वाटतं. बारामतीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा कायम कुठंतरी गेलेले असतात. मग प्रयोग फळ्यावरच करायचे. घसा बसतो, पाय भरून येतात. स्कूटी लावून जिना चढताना मी रोज ठरवते, आज कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही.

आणि दार उघडलं की आठवीतली लेक हातात वाटी घेऊन उभी. "आई, बघ ना, हिरवं झालं!"

सोसायटीच्या फाटकावरची जास्वंदीची फुलं तिनं गरम पाण्यात कुस्करलेली असायची. त्या जांभळ्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की हिरवं. माझ्या चांगल्या रुमालाला हळद फासून त्यावर साबणाच्या पाण्यानं लाल वेलबुट्टी काढलेली. व्हिनेगर आणि सोड्याचा फेस ओट्यावरून ओघळून शेगडीखाली गेलेला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. "हे सगळं पुस्तकात आहे, पुस्तकात वाच!" मी खेकसायचे. विज्ञानाच्या बाईनं असं बोलू नये, कळतं मला. पण बाई दमलेली असायची.

त्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. दसऱ्याच्या आधी माझे वडील, आमचे तात्या, गेले. गावाकडं, बावड्याच्या घरात ती एकटी कशी राहील म्हणून मी तिला घेऊन आले. आली ती खिडकीपाशी बसली. भाकरीचा चतकोर तुकडा मोडायची आणि तसाच ताटात ठेवायची. "नगं बाई, तोंडाला चव न्हाय." झंपर खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पण पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल." मला भीती वाटायची. सकाळी शाळेत निघताना तिच्याकडे बघायचे आणि वाटायचं, तात्यांच्या मागोमाग हीपण जाणार, आणि मी तिकडं हजेरी घेत उभी असणार.

एकदाच तिनं आपणहून काही मागितलं. "गुळाचा चहा कर. तात्या करायचे तसा."

तात्यांचा चहा ही आमच्या घरातली नावाजलेली गोष्ट. उसाला पाणी द्यायला जायच्या आधी, आम्ही सगळे झोपेत असताना, ते आईसाठी चहा करायचे. दोघंच प्यायचे. आम्ही उठेपर्यंत पातेलं घासून पालथं घातलेलं असायचं, त्यामुळं आम्हा भावंडांना त्याची चव कधी मिळाली नाही. गल्लीतल्या बाया आईला चिडवायच्या, "गडी माणूस चुलीपुढं! काय बाई थाट!" आई फणकाऱ्यानं म्हणायची, "तुमच्या हातचा फुटंल, त्यांच्या हातचा कदी फुटत न्हाय!"

माझ्या हातचा मात्र फुटला. गुळाच्या चहात दूध घातलं, उकळी आली आणि वर पाणी, खाली चोथा. मोरीत ओतून दिला. दुसऱ्या दिवशीही फुटला, तोही ओतला. साखरेचा करून दिला तर आईनं कप बाजूला सरकवला. "साखरंचा नगं."

"आई," लेकीनं विचारलं, "गूळ आम्ल असतो का गं?"

मी तिच्यावर ओरडणारच होते. मग म्हटलं, बाई, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर तू त्याला डोक्यावर घेतलं असतंस. आणि खरं सांगायचं तर दूध आणि गूळ वाया घालवून मी हात टेकले होते.

त्या शनिवारी आम्ही दोघींनी ओट्यावर वाट्या मांडल्या. बाजारातला पिवळा गूळ, काटेवाडीच्या बाजूच्या गुऱ्हाळातला काळपट गूळ, आणि डब्याच्या तळाशी राहिलेला जुना गूळ. गुळाच्या पाण्यात जास्वंदीचे थेंब टाकले. जुन्या गुळाच्या वाटीत रंग गुलाबीकडे झुकला. "आंबट! हा चोर!" लेक नाचायलाच लागली. मग सोडा. पहिल्या खेपेला तिनं इतका टाकला, की चहा शाईसारखा काळा पडला आणि चवीला कपड्याच्या साबणासारखा लागला. मी घोट घेऊन सिंककडे पळाले आणि तिथंच हसू फुटलं. तात्या गेल्यानंतर मी पहिल्यांदाच इतकी हसले. लेक जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. खिडकीपाशी आई मान वळवून बघत होती.

सोडा कमी करत करत चिमटीच्या टोकावर आणला. दूध वेगळं तापवलं, गूळ गॅस बंद केल्यावर घातला. जमला! मलईदार, गुळाच्या रंगाचा, एक कण फाटलेला नाही. शाळेत निकाल शंभर टक्के लागला तरी एवढा आनंद होत नाही मला.

आईनं एक घोट घेतला. "ग्वाड हाय," म्हणाली. मग कप खाली ठेवला. "पण ह्यो तो न्हाय."

पुढचे कितीतरी दिवस तेच. आलं घालून बघितलं, वेलदोडा घालून बघितला, म्हशीचं दूध, गाईचं दूध, चहा पावडर बदलली. लेकीची हौस फिटत नव्हती, माझा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. प्रत्येक वेळी कप भरलेला परत. "चांगला झालाय गं. पण तो न्हाय." मी दात-ओठ खायचे. काय घालत होते हे तात्या त्यात, अमृत?

मग घटक चाचणीचे पेपर तपासायला आले. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं. लेक शिकवणीला गेलेली. सोडा नाही, थेंब नाही, वेगळं पातेलं नाही. पाणी, दूध, पावडर, गूळ सगळं एकाच पातेल्यात टाकलं, गॅस मोठा केला आणि ओट्याला टेकून डोळे मिटले. डोळे उघडले तर पातेल्यात नुसता चोथा.

"मर मेल्या!" मी पातेल्यावर ओरडले आणि सांडशीत धरून सिंककडे वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं शिकले, इतकं शिकवते, आणि आईच्या पोटात कपभर चहा घालता येत नाही मला.

"थांब. टाकू नगं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बऱ्याच दिवसांत ती आपणहून खिडकीपासून उठली नव्हती.

"फुटलाय गं आई. दुसरा करते."

"दिसतंय मला. वत कपात."

मी ओतला. तिथंच उंबऱ्यावर बसून तिनं फुंकर घालत घोट घेतला, मग दुसरा. संथपणे सगळा चहा संपवला. तळाशी राहिलेला चोथा बोटानं पुसून खाल्ला. मी सांडशी हातात धरून बघत राहिले.

"ह्योच," ती म्हणाली.

"म्हणजे? तात्यांचा फुटायचा?"

"रोजचा फुटायचा. त्यास्नी कुठला धीर? समदं एकदमच टाकायचे पातेल्यात."

"आणि तू गल्लीभर सांगायचीस कधी फुटत नाही म्हणून! त्यांना एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर करायचा सोडला असता त्यांनी." तिनं कप माझ्याकडे दिला. "अजून हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोड्याची डबी वरच्या फळीवर ठेवून दिली. पाणी, दूध, पावडर, जुना गूळ, सगळं एकदमच पातेल्यात टाकलं. लेक धावत आली. "आई, अगं काय करतेस? फुटेल तो!"

"फुटू दे," मी म्हणाले, आणि गॅस मोठा केला.