काळ्यावर काळं

मे महिन्यातली दुपार आहे. कूलर नुसताच घरघरतोय, डोळे मिटतात पण झोप काही पुरती येत नाही. शेजारच्या चटईवर माझी भाची यशोधरा झोपली आहे, तोंडाला मसुराच्या डाळीचा लेप. उद्या तिला बघायला पाहुणे येणार, आणि नेमके दोन्ही गालांवर काळपट डाग उठलेत. वांग आहे, डाळ दुधात वाटून लावली की जातं, असा तिच्या आत्याचा, पंचफुलाबाईंचा हुकूम. डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर म्हणाल्या, पाहुणे जाऊ द्या, मग दाखवा. मी पडले पोरीच्या आईची बहीण. या घरात माझं कोण ऐकतं?

डोळा लागतो न लागतो तोच यशूची आई माझ्या पायाशी येऊन बसते. पौर्णिमा, माझी धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तरी पदर तसाच कपाळापर्यंत ओढलेला. तिला ऊन सोसायचं नाही म्हणून ती असा पदर घ्यायची आणि सासरचे कौतुकाने सांगत फिरायचे, बघा, किती मर्यादेची सून.

"काऊन वो ताई, पुन्हा डाळ वाटून राहिले काय?" ती विचारते.

"तुही नणंद वाटून राहिली."

"माह्यासाठी बी तिनंच वाटली होती. हात बसला तिचा."

मी उठायला जाते तर खाली चटई नाही, बाकडं आहे. मोठ्या दवाखान्याचा लांबलचक बोळ, फिनाइलचा वास, आणि समोर भिंतीवर तक्ता. तक्त्यावर एक गोरी परदेशी बाई. तिच्या गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना पंख पसरलेलं लालचुटूक फुलपाखरू. खाली रोगाचं नाव, ल्युपस. माणसाचं रक्त त्याच्याच अंगावर उलटतं, असा हा रोग.

"हिले पाहून शिकले सारे डॉक्टर," पौर्णिमा म्हणते. "गाल लाल असन तं ल्युपस. माह्या गालावर लाल कुठून येनार? काळ्यावर काळंच दिसते."

तिला एका डॉक्टरने उजळ व्हायचं मलम दिलं होतं, दुसऱ्याने रक्तवाढीच्या गोळ्या. इथल्या डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव सांगितलं तोवर किडन्या गेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, रोग जगात सगळीकडे एकच, पण जिथे जातो तिथे वेगळा वागतो. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यासारख्यांत किडनी जास्त धरतो. आणि घरचे तोंड घासत बसले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"मंग आपल्यासारख्या बाईचं चित्र काऊन नाही लावत हे?" मी विचारते.

"आपलं थोबाड कोन लावते भिताडाले?"

ती हसते. मला हसू येत नाही. मला त्या तक्त्याला काळं फासावंसं वाटतं.

"यशोधरा!" कुणीतरी नाव पुकारतं. मी तपासणीच्या खोलीचं दार ढकलते. आत सतरंजीवर पाहुणे बसलेत, हातात पोह्यांच्या बशा. मधोमध पाटावर यशू. "वर पाहा," एक बाई तिला सांगते, "उजेडात या जरा." कोपऱ्यात टेबलाशी डॉक्टर मान खाली घालून लिहितोय. पाहुण्यांना नुसता चेहरा हवा आणि डॉक्टरला नुसता कागद. पोरीकडे कुणीच बघत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पौर्णिमा माझा हात धरते. "हिची लघवी तपासून घे, ताई. येवढंच कर."

"इथं माहं कोनी ऐकत नाही. तूच सांग ना त्याइले."

"जितेपनी नाही ऐकलं माहं. आता मेल्यावर ऐकनार हायेत?"

ती पातळ वर सारते आणि माझा अंगठा आपल्या नडगीवर टेकवते. "दाब. अंगठा काढल्यावर खड्डा राह्यला तं समज, अंगात पानी धरलं. किडनी गेल्यावर नको समजू."

मी दाबते. मेलेल्या माणसाचा पाय असा ऊन कसा लागतो, ते मला कळत नाही.

"काढू?"

"काढ."

डोळे उघडतात. कूलर घरघरतोय. माझा अंगठा यशूच्या नडगीवर रुतलेला आहे. मी तो हळूच उचलते. खाली बोराएवढा खड्डा.

पंचफुलाबाई वाटी घेऊन दारात उभ्या आहेत. "पहिला थर वाळला काय वो? दुसरा लावतो."

"बाई, पोरीचा पाय पाहा इकडे."

"पायाले काय धुऊन प्यायचं हाय? पाव्हने चेहरा पाहाले येनार हायेत."

माझी नजर नडगीवर आहे. कातडी वर येईल, आत्ता येईल, म्हणून मी वाट बघते. यशू जागी होते, लेपाच्या भेगांतून माझ्याकडे बघते आणि विचारते, "काय झालं, मावशी?"

खड्डा भरत नाही.