आमदारांच्या नावावर एक पुस्तक

लोक विचारतात, लायब्ररीसारख्या गुपचूप जागेत किस्से कुठून येतात? अहो, लायब्ररीत नाहीच येत. आमदाराच्या अंगणात येतात. बारा महिने तिथं बसलं की कोठीतल्या तांदळात सोंडकिडे व्हावेत तसे आपोआप होतात.

आमचं वाचनालय गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून एसटीनं थोडं पुढे, पंचायतीच्या अर्ध्या गोदामात. उरलेल्या अर्ध्यात मंडपाचे बांबू आणि धानाचा काटा. दिवाळीनंतर धान आलं की आमच्याही अर्ध्यात पोती शिरायची आणि वाचनालय बंद. वाचायला येणारी पोरं-पोरी घरी. मी ग्रंथपाल. अध्यक्ष पटले गुरुजी, रिटायर्ड मास्तर. मागणी एकच, आमदार निधीतून वाचनालयाला स्वतःची एक खोली.

*

पहिल्यांदा वाचनालयाचं सगळं मंडळ जीप करून गोंदियाला आमदारांच्या, म्हणजे भाऊंच्या घरी गेलं. पांढरे कपडे, शाल, नारळ. पीए म्हणाला, "बैठो, भाऊ नहा रहे."

बसलो. ऊन डोक्यावर आलं. मग फाटकातून एक गाडी आत शिरली आणि तिच्यातून भाऊ उतरले, बुटाला चिखल.

गुरुजी हळूच म्हणाले, "नदीवर गेले असतीन आंघोळीले."

*

त्याच दिवशीची गोष्ट. आमचे कपडे आणि नारळ पाहून भाऊंना वाटलं, लग्नाचं आमंत्रण आहे. "येतो, नक्की येतो. नवरदेव कोण?"

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. मी दोन पोरांचा बाप! बाहेर आल्यावर मी चिडलो, तर म्हणाले, "लग्नाले तरी येतीन. आले तं जागा दिसन."

भाऊ आले नाहीत. आहेर आला, भिंतीवरचं घड्याळ. तेव्हापासून भिंत पंचायतीची आणि घड्याळ आमचं.

*

मग कोणीतरी सुचवलं, भाऊंना एखादं पुस्तक भेट देऊ. गुरुजी उसळले. "भेट देल्लं तं काम संपलं. वाचाले देल्लं तं परत आणाले जा लागते."

आणि खरंच त्यांनी आमदारांना वाचनालयाचा सभासद करून टाकलं. कार्ड बनवलं, पुस्तक नावावर चढवलं. मग काय, दर महिन्याला आम्ही अंगणात हजर.

"झालं का भाऊ पुस्तक?"

"नाही हो गुरुजी, अधिवेशन होतं."

"मंग मुदत वाढवतो. अन् ते खोलीचं?"

खोलीचं पाहून राहिलो, असं उत्तर यायचं. मुदत वाढत गेली.

*

हिवाळी अधिवेशनात आम्ही नागपूरला वाचनालयांच्या मोर्चात गेलो. गर्दीत गुरुजींना भाऊ दिसले. घोषणा विसरून ते ओरडले, "भाऊ, पुस्तक!" मागे दुसऱ्याच कोणाचा मोर्चा होता, त्यांनी ती घोषणा उचलली. बराच वेळ सगळा रस्ता भाऊंना पुस्तक मागत होता.

त्यानंतर मंडळ पातळ होत गेलं. एक जण पोराकडे पुण्याला गेला. एकाचे गुडघे गेले. एक सरळ म्हणाला, "कायले जाता बाप्पा दरवेळी? तिथं कोण इचारते?" जीप गेली, एसटी आली. शेवटी गुरुजी आणि मी.

*

भाऊ निवडणुकीत पडले. मला वाटलं, सुटलो. गुरुजी म्हणाले, "चाल, मुदत संपली."

अंगणात खुर्च्या एकावर एक रचलेल्या. पीए नाही, कोणीच नाही. भाऊ स्वतः बाहेर आले, चहा स्वतः आणला.

"पुस्तक झालं गुरुजी. दुसरं आणलं का?"

आम्ही दुसरं नेलंच नव्हतं. तेच त्यांच्याजवळ ठेवून निघालो. एसटीत, गोरेगाव यायच्या बेतात गुरुजी म्हणाले, "वाचलं रे त्यानं."

*

गुरुजी धानाच्या सीझनमध्येच गेले. वाचनालयात पोती होती, म्हणून शोकसभा बाहेर रस्त्यावर घेतली. मोटरसायकली हॉर्न वाजवत मधून जात होत्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

नंतर नव्या आमदारांकडे मी एकटाच जायचो. अंगण दुसरं, भाऊ दुसरे, पीए तोच. आमदार पडतो, पीए पडत नाही. बाजूची खुर्ची मी सवयीनं धरून ठेवायचो आणि कोणी विचारलं तर म्हणायचो, येऊन राहिले. एवढ्या माणसांत बसून इतकं एकटं वाटतं, हे मला तिथं कळलं.

*

एका सकाळी त्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसलं. पाहतो तर जुने भाऊ. मांडीवर आमचं पुस्तक.

"तुमच्या वाचनालयात गेलो होतो परत द्याले," ते म्हणाले. "आत पोती. शेजारचे म्हणाले, तुम्ही इथं सापडाल. गुरुजींचंही त्यांनीच सांगितलं."

पीए नावं लिहीत आला. मान खालीच. "नाम? काम?"

"वाचक," भाऊ म्हणाले. "वाचनालयाच्या खोलीसाठी आलो."

पीएनं वर पाहिलं. पेन थांबला. मग पुन्हा मान खाली घालून म्हणाला, "बैठो. भाऊ नहा रहे."

आम्ही बसलो. ऊन पायापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. भाऊंनी पुस्तक या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, दाराकडे पाहिलं, हातातलं घड्याळ पाहिलं. शेवटी माझ्या कानाशी वाकले.

"काहो, एवढा वेळ कायची आंघोळ करून राहिला हा?"