साखरपुड्यातले बिबडे

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जे करून बसले ते ऐकून तो हातातून सुटेल!

तर जळगावच्या पिंप्राळ्यात, घरातूनच, मी ज्वारीचे बिबडे विकते. आपले खान्देशी पापड हो! एका ॲपवर दुकान उघडलंय. पूर्वी माझं पार्सल शेजारच्या धुळे जिल्ह्यात जायचं तरी आधी भिवंडीचं दर्शन घेऊन यायचं. आठवडा मोडायचा! आता ॲपवाल्यांनी जळगावातच गोदाम केलंय. आज दिलं की उद्या गिऱ्हाइकाच्या दारात. मी तर हरखूनच गेले होते.

आमच्या मुलाचा, मयूरचा, साखरपुडा धुळ्याला. आदल्या दिवशी नवरीची हिरवी पैठणी खोक्यात घातली आणि डाग पडू नये म्हणून पार्सलच्या जाड पिशवीत बंद केली. शेजारीच नरडाण्याच्या ऑर्डरचे बिबडे, तसल्याच खोक्यात, तसल्याच पिशवीत. त्यात कुरिअरवाला दारात हॉर्न वाजवतोय! घाईघाईत पत्ता चिकटवला, पिशवी दिली, सुटले.

सुटले कसली!

दुसऱ्या दिवशी भरल्या हॉलमध्ये विहीणबाईंनी खोका उघडला. आत बिबडे!

नवरीचे आजोबा, नाना, चष्मा पुसत पुढे आले.

"हाई काय शे माय? नवरीले बिबडा नेसाडाना का?"

"अगं, साडी कुठंय?" आमचे हे कानाशी पुटपुटले.

"नरडाण्याला!"

मी कोपऱ्यात जाऊन ॲपवाल्यांना फोन लावला.

"अभिनंदन ताई! तुमचं पार्सल वेळेआधीच पोहोचलं!"

"अहो अभिनंदन कसलं करता? थांबवा ते!"

"पोहोचलेलं कसं थांबवणार, ताई?"

फोन ठेवते न ठेवते तोच तो टिणकला. नवरी, आमची प्रांजल, शेजारी येऊन उभी होती. तिनं फोन घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "पाच तारे. बिबडे मागवले, पैठणी आली. रंग फार आवडला. असंच पाठवत जा."

खाली फोटो! नरडाण्याच्या बाई माझ्या सुनेची पैठणी नेसून तुळशीपुढे उभ्या!

मला वाटलं, मोडलं लग्न. पण प्रांजल फोटो निरखून म्हणाली, "काठ मात्र छान निवडले होते हं, काकू," आणि अशी खदखदून हसली की नानाही हसायला लागले. विहीणबाईंनी स्वतःची एक नवी साडी काढून दिली. साखरपुडा झाला. बिबडे भाजून पंगतीत वाढले.

पण पैठणी सोडायची कशी? जेवता जेवताच मी ॲपवर 'परत मागवा' दाबलं.

उत्तर आलं, 'क्षमस्व. खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत.'

"कुठल्या गाढवानं केलाय हा नियम?" मी ओरडलेच.

मयूरनं फोन हातात घेतला, खालीवर केला आणि हळूच म्हणाला, "आई, दुकान उघडताना तूच."