सुरगाण्याचा पंखवाला आणि अण्णांची स्कूटर

सकाळी इंदिरानगरातून गाडी काढली तेव्हा माझे सासरे अण्णा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. गळ्यात दुर्बीण आणि तोंडाला कुलूप.

त्याचं असं झालं. होळीनंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अण्णा सुरगाण्याला गेले होते. परतताना, दिवेलागणीला, घाटात जीपच्या खिडकीतून त्यांना डोंगराच्या धारेवर एक प्राणी पळताना दिसला. पाय माणसाचे, चोच हातभर आणि दोन्हीकडे पसरलेले भलेथोरले पंख. जीपमधले बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. घरी येऊन अण्णांनी हे जसंच्या तसं सांगितलं, इथंच चुकलं. बागेतल्या मित्रमंडळींनी लगेच खुलासे काढले. एक म्हणाला गिधाड, दुसरा म्हणाला ड्रोन, तिसऱ्यानं तर लग्नातल्या मठ्ठ्यावरच संशय घेतला. माझ्या नवऱ्याचं, महेशचं, निदान मोतीबिंदू.

"ज्यांना पंखवाला माणूस दिसतो त्यांनी स्कूटर चालवायची नाही," असं म्हणून त्यानं किल्ली आपल्या कपाटात ठेवली.

सातपूरच्या कारखान्यात उभी हयात माल तपासण्यात घालवलेला हा माणूस. त्याच्या डोळ्यांवरच शंका! अण्णांनी बागेत जाणं सोडलं. मला ते बघवेना, म्हणून म्हटलं, चला, शोधून येऊ. खरं सांगायचं तर मला महेशची जिरवायचीही होती.

वणी सोडली तशा द्राक्षबागा मागे पडल्या. रस्ता वळणं घेऊ लागला, साग पानं गाळून उभे होते आणि मोहाचा गोडसर वास गाडीत शिरत होता. एवढ्यात अण्णा ओरडले, "थांब! तो बघ!"

मी करकचून ब्रेक दाबला. डब्यातली चटणी डॅशबोर्डवर गेली. विजेच्या तारेला निळं मेणकापड अडकून फडफडत होतं. अण्णांनी दुर्बिणीची काच पुसली. मी चटणी पुसली.

सुरगाण्याच्या अलीकडे एका पाड्यावर (वस्तीवर) चहाला थांबलो. टपरीवरच्या म्हाताऱ्या बाबांना अण्णांनी सगळं वर्णन ऐकवलं, हात पसरून पंखांची लांबीही दाखवली. बाबांनी शांतपणे चहा गाळला.

"सोंग आहा तो," ते म्हणाले.

अण्णा ताडकन उठले. "सोंग? मी सोंग करतोय? या वयात?"

"तुमी नाय. तो."

"तो कोण?"

"भिवाजी."

मग उलगडा झाला. इकडे बोहाडा असतो (लाकडी मुखवटे घालून देवादिकांना नाचवण्याचा उत्सव), आणि त्यातल्या प्रत्येक पात्राला सोंग म्हणतात. एकेका घराकडे एकेक सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. भिवाजींच्या घराकडे जटायू होता.

घर जवळच होतं. भिंतीला टेकून पंख उभे होते, बांबूच्या कामट्यांचे आणि रंगवलेल्या कापडाचे. बाजूला चोच. अण्णांनी पंख मागूनपुढून चाचपले, सांधे हलवून पाहिले. शेवटी मान डोलावली. माल पास झाला होता.

"पण डोंगरावर कशाला पळत होता हो?" मी विचारलं.

भिवाजी लाजले. "सरावाला गावात नाचाय लागलो का कोंबड्या घार समजून बुजतात. अंडीच देय नाय. घरवाली बोलली, जा वर माळावर."

त्या घरवालीनं आम्हाला नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर जेवलो. मग भिवाजींनी पंख बांधून माळावर एक चक्कर मारली. मी चित्रफीत काढून घरच्या ग्रुपवर टाकली. महेशचं उत्तर आलं, "हरलो. किल्ली तुमची."

अण्णा वणीपर्यंत गुणगुणत होते.

वणीत उसाचा रस घ्यायला थांबलो. "तू बस, मी सांगतो," म्हणत अण्णा उतरले आणि रसवंतीशेजारी उभ्या असलेल्या, शेरवानी घातलेल्या तरुणाला म्हणाले, "दोन ग्लास, बिनबर्फाचे." तो ढिम्म. अण्णांनी आवाज चढवला. कापडदुकानातून मालक धावत आला आणि पुतळ्याला हळूच आत ओढून घेऊन गेला.

अण्णा गाडीत येऊन बसले. मी समोर बघत राहिले.

"पाहिलंस ना?"

"काय?"

"खोटं बोलू नकोस." आणि तेच आधी हसले, मग मला आवरेना. हसून झाल्यावर ते बाहेर बघत म्हणाले, "जटायू मी बरोबर पाहिला होता. नवरदेव मात्र चुकला. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील? महेशला नको सांगूस, फार आनंद होईल त्याला."

एवढ्या डोंगरातून याच वाक्यापर्यंत यायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी महेश फाटकात किल्ली घेऊन उभा होता, चेहरा पाडून. अण्णांनी किल्लीकडे पाहिलंही नाही.

"राहू दे तुझ्याकडे. मी मागेन तेव्हा द्यायची," ते म्हणाले आणि घरात न शिरता तसेच बागेकडे निघाले.

"रस्त्यात काही झालं का?" महेशनं मला विचारलं. मी त्याला जटायू सांगितला, कोंबड्या सांगितल्या, ठेचाही सांगितला. वणीच्या नवरदेवाबद्दल मात्र अजून एक अक्षर बोललेली नाही.