सांध्यावर अडकलेली बांगडी
काल बांगड्या भरताना एक तडकली, आणि मला चंद्रपूरच्या डायलिसिस वॉर्डातली ती दुपार आठवली. खिडकीच्या जाळीवर कोळशाची धूळ होती, आत स्पिरिटचा वास होता आणि तिथली फिजिओथेरपिस्ट म्हणून मी बल्लारपूरच्या एका बांगडीवाल्या चाचांची बोटं तेल लावून ताणत होते. किडन्या निकामी झालेल्यांत क्वचितच होणारा आजार त्यांना झाला होता. हातापायांची कातडी वाळल्या चामड्यासारखी आवळत चालली होती. खात्रीचं औषध नव्हतं, म्हणून मशीनवर जाण्याआधी दर वेळी आमची ही ओढाताण चाले, आणि सैल केलेली बोटं पुढच्या खेपेला पुन्हा वाकलेलीच दिसत. त्या दिवशी मी थकले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, चाचींच्या पिशवीतून एक हिरवी बांगडी घेऊन चाचा म्हणाले, "बाई, हात द्या. जमते का नाई, पाहू द्या मले." त्यांनी माझी बोटं जुळवून दाबली, बांगडी सांध्यापर्यंत आली आणि त्यांच्या ताठर बोटांत तडकली. मला जरासं खरचटलं. चाची वैतागल्या, "काऊन तरास देऊन राह्यले त्याईले?" चाचांनी तुकडे बाजूला सारले. मग म्हणाले, "भरताना फुटली, तं नुकसान बांगडीवाल्याचं. गिऱ्हाइकाले रिकाम्या हातानं नाई पाठवत आपण. दुसरा हात द्या." मला नको होतं, तरी दिला. सिस्टरनं त्यांना मशीनवर बोलावलं तेव्हाही दुसरी बांगडी सांध्यावरच अडकलेली होती. चाचा जाऊनही आता बराच काळ झाला. काल काच तडकली, तेव्हा बांगडीवालीनं मागायच्या आधीच माझा दुसरा हात पुढे झाला होता.