सुभेदाराचा ओके रिपोर्ट

दिवेलागण झाली की नाथाजी सुभेदाराचा फोन वाजायचा म्हणजे वाजायचाच. विजयमाला भाकरी थापता थापता आतनं हाक मारायची, "आवं, तुमच्या आक्काचा आला बघा." कुणाचा आहे ते बघायची तिला गरजच नसे. सुभेदार गुडघ्यावर हात टेकत खुर्चीतनं उठायचा, आणि उठता उठता तोंडातनं एक सुस्कारा निघायचा.

पलीकडं थोरली बहीण, धोंडुबाई. पाटणच्या वर डोंगरात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत एकटी राहणारी. जेवलास का, गुडघा कसा हाय, कसली म्हणून विचारपूस नाही. एकदम मुद्द्याला हात.

"नाथा, झोपू का आत?"

"झोप आक्का. न्हाई येत आज."

बस्स. फोन बंद. एवढ्यासाठी कडेगावच्या मळ्यातल्या या माणसानं रोज हजर राहायचं. लग्न असो, मयत असो, त्या वेळेला फोन खिशात पाहिजे आणि फोनला रेंज पाहिजे.

न्हाई येत म्हणजे काय न्हाई येत? तर भूकंप. आता तुम्ही म्हणाल, भूकंप काय याला विचारून चपला घालतो? अहो, तेच तर सांगायचंय.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात पहाटे कोयनेची जमीन हलली तेव्हा नाथा आठ वर्षांचा होता, आक्का त्याच्याहून थोडी मोठी. माजघरात ओळीनं अंथरुणं होती. भिंतीकडेला आई, मधे नाथा, दाराकडेला आक्का. मागची दगडी भिंत आली ती आईवर. तिच्या अंगाखाली नाथा जिता सापडला. आक्का बाहेर पडली होती, पण भावाला ओढायला परत आत घुसत होती म्हणून चौघांनी तिला धरून ठेवली. पुढं बापानं त्याच जोत्यावर परत दगडाच्या भिंती उभ्या केल्या आणि नाथाला कडेगावला मामाकडं धाडलं. तो तिथंच वाढला, तिथनंच मिलिटरीत गेला, परत येऊन तिथंच रान घेऊन राहिला. आक्काचं लग्न झालं, पण कपाळ फुटलं आणि ती बापाच्या घरी परत आली. बाप गेल्यावर ती आणि तिची म्हैस. घरात रांधायची, घरात जेवायची, झोपायला मात्र अंगणात. पावसाळ्यात गोठ्यात, म्हशीशेजारी. वर पत्रा आहे, डोक्यात पडला तर खोक पडंल, मरणार न्हाई, असा तिचा हिशेब. उभा जन्म असा काढला बाईनं.

सुभेदार मिलिटरीच्या सिग्नल पलटणीतला. सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून गेलेली. रिटायर झाल्यावर लोक देवळात बसतात, नाहीतर पंचायतीला उभे राहतात. यानं हे विकतचं दुखणं घेतलं. जळक्या मोटरीची तांब्याची तार सोडवून मोठ्या लाकडी चौकटीवर गुंडाळली, चौकट गच्चीवर उभी केली आणि पोरानं टाकून दिलेल्या लॅपटॉपला जोडली. "ही गच्चीवरची माझी सवत," असं विजयमाला आल्यागेल्याला सांगायची.

दक्षिणेला समुद्राकडं लय लांब एक दांडगं स्टेशन आहे, पाणबुड्यांशी बोलणारं. त्याच्या रेडिओच्या लाटा आभाळात वर आयनांबर म्हणून थर आहे त्याला लागून खाली येतात. दिवस मावळताना तो थर बदलतो, तेव्हा सिग्नल एकदा खाली दबतो आणि मग वर चढतो. सुभेदारासारखे हौशी लोक जगभर आहेत. त्यांचं म्हणणं असं, की भूकंपाआधी जमिनीतनं काहीतरी वर जातं, आभाळाला जाऊन लागतं, आणि संध्याकाळचं हे दबणं रोजच्यापेक्षा आधी व्हायला लागतं. शास्त्रज्ञ याला मान डोलवत नाहीत. सुभेदारालाही ते पुरतं पटलं होतं असं नाही. पण एकदा तो सहज बोलून गेला, "आक्का, जरा जपून गं, सिग्नल वाकडा दिसतोय," आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फळीवरची भांडी खाली आली.

कोयनेच्या खोऱ्यात बारक्या धक्क्यांना काय तोटा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण वाडीनं कावळाच धरून ठेवला. सुभेदाराला आधी कळतं, असा बोभाटा झाला. आणि आक्का, जिनं त्या भूकंपापासनं घरात पाठ टेकली नव्हती, ती फोनवर म्हणाली, "तू बघायलायस तर मग मी झोपू का रं आत?" सुभेदाराच्या डोळ्यांत पाणीच आलं. झोप म्हणाला.

झोप म्हणाला आणि अडकला. पलटणीत रोज संध्याकाळी ओके रिपोर्ट जातो. काही घडलेलं नसलं तरी 'सब ठीक' म्हणून कळवायचं असतं. न कळवलं तर काहीतरी झालंय असंच वर धरतात. आणि रिपोर्ट देणाऱ्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सोय नसते. ते त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं यंत्र बघायचं, आक्कानं विचारायचं, त्यानं सब ठीक कळवायचं. पहिलं वर्ष त्याला याचा अभिमान होता. मग नुसतीच सवय राहिली. आणि मग थकवा आला. वाडीतले, वाडीच्या पाहुण्यातले, कुणाकुणाचे फोन. खोऱ्यात कुठं पत्रा वाजला तरी "सुभेदार, अजून येतंय का वो?" त्याला वाटायचं, एकदा सगळ्यांना ओरडून सांगावं, गड्यांनो, मला काय बी कळत न्हाई, मला झोपू द्या. ओरडला मात्र कधी नाही.

अशात गेल्या हिवाळ्यात सिग्नल खरंच वाकडा झाला. संध्याकाळचं दबणं रोज थोडं थोडं आधी यायला लागलं. हेडफोनमध्ये टिक, टिक, टिक असा एक बारीक आवाज उठायचा आणि रेघ खाली बसायची. आज ऊन कलल्यावर, उद्या ऊन असतानाच. ते हौशी लोक सांगतात अगदी तसं. सुभेदारानं तीन वेळा तार तपासली, जोड तपासले. सगळं ठाकठीक. त्या संध्याकाळी फोन वाजला, आक्कानं विचारलं, आणि तो पहिल्यांदाच म्हणाला, "न्हाई आक्का. आज बाहेर झोप. समद्यास्नी सांग."

अख्खी वाडी अंगणात आली. माघाचा गारठा, त्यात ते डोंगरातलं वारं. लोक शेकोट्या करून बसले. पुढच्या संध्याकाळीही सुभेदारानं बाहेरच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. जमीन काही हलली नाही, साधी चहाची बशीसुद्धा वाजली नाही. लोक शिव्या घालत घरात गेले. आक्का गेली नाही. नाथानं ओके दिलं नव्हतं ना! ती दंवात पडून राहिली आणि तिच्या छातीत कफ भरला. शेजाऱ्यांनी कराडला दवाखान्यात आणली तेव्हा न्यूमोनिया झाला होता.

डॉक्टर भला माणूस, पण स्पष्ट बोलला. "या खेपेला निभावलं. परत हिला उघड्यावर झोपू दिलंत आणि गारठा बसला, तर मला बोलावू नका."

सुभेदार दवाखान्यातनं मळ्यात आला आणि दिवस मावळायला बांधावर मन जरा मोकळं व्हावं म्हणून गेला. अंगात त्राण नव्हतं, म्हणून अर्जुनाच्या रानाच्या कडेची तार धरली. तार कसली ती! खांद्यापर्यंत असा सणका बसला की सुभेदार खाली बसला. बसल्याजागी परत पाय लागला, परत सणका. टिक. थोडं थांबून टिक. सुभेदारानं दुखणारा हात धरला आणि ऐकतच राहिला.

"आवं आवं, हात लावू नगासा!" अर्जुना मक्यातनं पळत आला. शेजारचाच, सुभेदाराच्या पोराच्या वयाचा गडी. "झटका मशीन हाय ती. डुकरं वळवायला लावलीया."

"कवा लावलीस?"

"ऊसतोड सुरू झाली तवा. ऊस गेला, डुकरास्नी दडायला जागा न्हाई, समदी मक्यावर उठली. पयलं दिवस बुडल्यावर चालू करायचो. आता लय माजल्यात, उनाचंच येत्यात. म्हून रोज जरा आधीच चालू करतोय."

रोज जरा आधीच. सुभेदार मातीत बसून हसला. हसणं कसलं, नुसतं तोंड वाकडं झालं. हेडफोनातली टिक टिक या तारेची होती, आभाळाला काही झालं नव्हतं. मक्याला डुकरं लागली होती, आणि त्यापायी त्यानं सख्ख्या बहिणीला गारठ्यात घातलं होतं. "लागलं का वो लय?" असं अर्जुना विचारत होता. "लागलं," एवढंच म्हणून सुभेदार उठला. घरी येऊन त्यानं यंत्राची वायर उपसून काढली.

आक्का बरी झाली. कडेगावला चल म्हणून विजयमालेनं तिचे पाय धरायचेच काय ते ठेवले, पण बाई कुठली ऐकते? "म्हस कुणाच्या दावणीला बांधू?" म्हणून वाडीला परत गेली. आणि पहिल्याच संध्याकाळी फोन.

"नाथा, झोपू का आत?"

सुभेदारानं उपसलेल्या वायरीकडं बघितलं. "झोप," म्हणाला. "न्हाई येत." दुसऱ्या दिवशीही तेच. यंत्रावर धूळ बसायला लागली आणि रिपोर्ट चालूच. विजयमाला बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तेवढ्यानं बाई छपराखाली झोपती, तर म्हणा की झोप. तुमचं काय जातंय?"

"आन आला म्हंजे?" सुभेदार म्हणाला. "माझ्या तोंडचा शबूद ऐकून ती भिंतीखाली झोपल्याली आसंल. मला काय कळत न्हाई. कवाच कळत नव्हतं." धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. सांगावं तर आक्का परत अंगणात, नाहीतर उघड्या गोठ्यात, आणि मग छाती तिला सोडणार नाही; न सांगावं तर एका थापेवर तिचा जीव टांगलेला. सकाळी त्यानं पिशवी भरली आणि कराडची एसटी धरली, तिथनं पाटणची, तिथनं वडापची जीप.

आक्का दारात जळणाच्या शेण्या रचत होती. खोकत होती. त्याला बघून हरखली. चहा झाला, मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मशीन, मका, डुकरं, सगळं. आक्कानं मधे एकदा पदर तोंडाला लावला, हसली की काय ते कळलं नाही.

"मंजी तुला कळतच न्हाई."

"न्हाई."

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाई, आक्का. पन डाक्टर काय म्हणला ते ऐकलंस न्हवं? बाहेर झोपलीस तर मरशील. ते मातूर नक्की."

"डाक्टर काय भिंत धरून ठेवणार हाय व्हय?"

संध्याकाळी जेवणं झाली आणि तिनं वाकळ काखेत मारून अंगण धरलं. सुभेदारानं हात जोडले, रागावला, डॉक्टरचं नाव घेतलं, विजयमालेची शपथ घातली. आक्का वाकळ पसरत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "फोनवर झोप झोप म्हणतोस. तू रं कवा झोपलायस हितं आत?"

ते खरं होतं. मामाकडं गेल्यापासनं तो या घरात एकदाही झोपला नव्हता. येई तेव्हा संध्याकाळची गाडी धरून परत. नाहीच जमलं तर उकाडा होतोय, ढेकणं हाईत, असं करून तोही अंगणात. बापाच्या मयतीलासुद्धा. लढाईच्या ठाण्यावर नोकरी केलेला हा माणूस, पण त्या माजघराची त्याला भीती होती, आणि ती त्यानं बायकोलाही कधी सांगितली नव्हती. बहिणीला मात्र रोज फोनवरनं आत पाठवत होता.

त्यानं दुसरी वाकळ उचलली आणि माजघरात गेला. मागच्या भिंतीला लागून वाकळ टाकली आणि आडवा झाला. दगड पाठीला गार लागला. छाती अशी धडधडत होती की एक वेळ जमीनच हलतीय असं वाटलं.

दारात आक्का येऊन उभी राहिली. "नाथा. तिथं नगं."

"कुठं बी झोपलं तरी तेच हाय."

"त्या भिंतीकडं नगं रं. उठ. माझं ऐक, उठ." तिचा आवाज चिरकला. पोरगी असताना याच दारात तिला चौघांनी धरून ठेवली होती. आज धरायला कुणी नव्हतं. "मी झोपती आत, पन तू हिकडं सरक. दाराकडं सरक."

सुभेदार सरकला. आक्का आली, त्याला ओलांडून गेली आणि त्याच्या आणि भिंतीच्या मधे, जिथं आई झोपायची तिथं, भिंतीला पाठ लावून आडवी झाली. थोडा वेळ खोकली. मग वाकळेचं टोक त्याच्या अंगावर ओढलं.

सुभेदार जन्मभर दुसऱ्यांना सब ठीक कळवून दमला होता. त्याला आज पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

"आक्का, झोपू का?"

"झोप गप," आक्का म्हणाली. "न्हाई येत."