भोंगा आणि लालमहंमदभाई

केडगावात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या लालमहंमदभाईंनी स्वतःची आरोळी रेकॉर्ड करून गाडीला भोंगा लावला. घशाला आराम पडला. पण महिन्याभरात त्यांना वाटू लागलं, की आपण काचेपलीकडे उभे आहोत आणि हे हात दुसऱ्याच कुणाचे आहेत.

“मी खरंच हाय का गं?” त्यांनी बायकोला, खातूनला, विचारलं.

“तुमी न्हाई, तर सकाळच्या तीन भाकरी कुनी खाल्ल्या?”

तर्क बिनतोड होता, पण गुण आला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरू नका, ताणानं असं होतं. तसं वाटलं की समोरच्या पाच वस्तूंना हात लावून मोठ्यानं नावं घ्या.”

दुसऱ्या दिवशी भर गल्लीत काच आडवी आली. भाईंनी भोंगा बंद केला आणि एकेका ढिगावर हात ठेवत ते ओरडले, “मेथी! शेपू! गवार! दोडका! वांगी!” हा उपचार आपण तीस वर्षं रोज घेत होतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

गॅलरीतून रोजच्या गिऱ्हाईक छबूबाई म्हणाल्या, “आज सोता बोलताय व्हय? मंग कालची वांगी किडकी का निघाली, ते सांगा.”

“किडकी? या खाली, दाखवा!”

काच अजूनही अधूनमधून येते. छबूबाईंची मतं मात्र तिच्या आरपार येतात.